कॉलला दाद न देणारा टर्की: हट्टी नर कसा मारायचा, पायरी पायरीने

अमेरिकेत एप्रिल आला की जंगली टर्की, म्हणजे कोंबडीच्या जातीचा तो मोठा पक्षी, मारायला निघालेल्या शिकाऱ्यांकडून तेच रडगाणं कानावर येतं. नर समोरच्या डोंगरधारेवर तासभर ओरडत होता, आपल्या प्रत्येक कॉलला (मादीचा नकली आवाज, तो काढायच्या साधनालाही कॉलच म्हणतात) उत्तर देत होता, पण जागचा हलला नाही. किंवा झाडावर होता तोवर बोलला, खाली उतरला आणि चिडीचूप. आणि पुढचा प्रश्न ठरलेला, आता कुठला कॉल घेऊ? काही घेऊ नका. त्याने तुमचा कॉल ऐकलाय, नीट ऐकलाय, तुम्ही कुठल्या झाडाखाली बसलाय तेही त्याला साधारण कळलंय. फक्त त्याला यायचं नाहीये.

कारण साधं आहे. टर्कीत मादी नराकडे जाते. मोर एका जागी पिसारा फुलवून नाचतो आणि लांडोर त्याच्याकडे येते, तोच प्रकार इथे. नर ओरडतो, फुलतो आणि वाट बघतो. आपण मादीचा आवाज काढून त्याला म्हणतो की तूच ये, म्हणजे उलटी गंगा. उतावळे, एकटे नर फसतात. ज्याच्यामागे दोन-चार माद्या फिरतायत किंवा ज्याने आधीच्या सीझनला असे फसवे आवाज ऐकून बार अनुभवलेत तो कशाला येईल? म्हणून हट्टी नराच्या बाबतीत जागा आधी, कॉल नंतर. तो जिथे जाणारच आहे तिथे त्याच्या आधी जाऊन बसायचं आणि कॉल फक्त शेवटच्या पन्नास-साठ यार्डांसाठी राखून ठेवायचा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्यात.

हे सगळं मिझुरी राज्यातल्या ओझार्क डोंगरातल्या ईस्टर्न जातीच्या टर्कीवर बेतलेलं आहे, म्हणजे ओक-हिकरीचं जंगल, धारा, घळी, ओढे. टेक्सास-ओक्लाहोमाकडच्या मोकळ्या रानात रिओ ग्रँड जातीचा टर्की असतो, तिथे अंतरं वाढतात, क्रम तोच राहतो.

## ० : कागदपत्रं, बंदुकीला हात लावायच्या आधी

हे शून्यावर ठेवलंय कारण आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक जवळ बाळगणं एरवी गुन्हा आहे. अपवाद आहे, अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं वैध हंटिंग लायसन्स तुमच्याकडे हवं. म्हणजे क्रम असा: आधी लायसन्स, मग बंदूक. "मित्राची बंदूक आहे, मी फक्त रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) दोन बार काढून बघतो, लायसन्स नंतर काढू" हे चालत नाही, मित्राची बंदूक हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. राज्याचे नियम वरून वेगळे असतात, तेव्हा एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या, तासाभराची फी परवडते. ग्रीनकार्ड असेल तर ही अट नाही.

मिझुरीत १ जानेवारी १९६७ नंतर (त्या दिवशीसुद्धा) जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. वसंतातला टर्की सीझन एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. नर किंवा दाढी (छातीवर लोंबणारा केसांसारखा झुबका) दिसणारा पक्षीच मारता येतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सुरुवात, सरकारी जमिनीवर दुपारी १ ला बंद, खाजगी जमिनीवर अलीकडे सूर्यास्तापर्यंत परवानगी दिलीय. बंदुकीत चेंबर धरून ३ च काडतुसं. छर्रा ४ नंबरपेक्षा मोठा चालत नाही (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). दाणे टाकून शिकार बेकायदा, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणंही बेकायदा. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं पुस्तक वाचा, पेनसिल्व्हेनियात तर वसंतात टर्कीच्या मागावर दबकत जाणंच बंद आहे, बसून कॉल करूनच मारायचा.

आणि सुट्टीवर गावी गेल्यावर कुणाला हुरूप येईल म्हणून लिहून ठेवतो, भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तिथे ससाही मारता येत नाही नि रानकोंबडाही नाही.

## १ : घरची तयारी

बंदूक. छर्ऱ्याची, १२ किंवा २० गेज (नळीचं माप), पुढे टर्की चोक (छर्रे एकत्र ठेवणारं नळीचं अरुंद टोक). सीझनच्या आधी रेंजवर जाऊन कागदावर बार काढून बघणं ही पायरी अर्धे लोक गाळतात. टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र असलेलं टार्गेट मिळतं, ते १०, २०, ३० आणि ४० यार्डांवर लावायचं. बघायच्या गोष्टी दोन. एक, छर्ऱ्यांचा झुबका नेमाच्या जागीच पडतोय की वर-डावीकडे सरकतोय. दुसरं, दहा इंची वर्तुळात साधारण शंभर छर्रे कुठल्या अंतरापर्यंत पडतात. ते अंतर तुमची हद्द. शिशाच्या ५-६ नंबरला बहुतेक बंदुकांची हद्द ४० यार्डांपाशी संपते. टंगस्टनचे ९ नंबरचे महाग छर्रे त्याच्या पुढे जातात, पण त्या भरवशावर साठ यार्डांवर बार टाकू नका, जखमी पक्षी पळून जातो आणि झुडपात मरतो.

१० यार्डांवरचा कागद नीट बघून ठेवा. झुबका मुठीएवढाच असतो. अगदी जवळ आलेला टर्की हुकतो तो यामुळेच.

कपडे. टोपीपासून बुटापर्यंत कॅमो (झाडापानांत मिसळणारं कापड), तोंडावर जाळी, हातात मोजे. टर्कीला वासाचं फारसं काही नसतं पण नजर भयंकर, रंग दिसतात, मान न वळवता जवळपास पाठीमागचंही दिसतं. हातमोजे उकडतं म्हणून काढणारे लोक आहेत, उजेडात हलणारा उघडा पंजा त्याला शंभर यार्डांवरून दिसतो.

सावधान: लाल, पांढरा, निळा, काळा हे रंग अंगावर कुठेही नकोत, आतल्या टीशर्टला नकोत, पायमोज्यांना नकोत, पाणी पिताना चमकणारी बाटलीही नको. वसंतातल्या नराचं डोकं लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत असतं आणि अंग काळं. जंगलात दुसरा शिकारी बसलेला असतो हे कायम डोक्यात ठेवा.

गोचिडी. ओझार्कमध्ये एप्रिल-मे म्हणजे गोचिडींचा मोसम. परमेथ्रिन कपड्यांवर आदल्या दिवशी मारून वाळवायचं, कातडीवर लावायचं नाही. घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागे बघायचं. लोक याला हसतात आणि मग गोचिडीच्या तापावर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या खात बसतात.

कॉल. तीन पुरेत. स्लेटचा पॉट कॉल (पाटीच्या चकतीवर काडी घासायची), तोंडात ठेवायचा डायफ्रॅम आणि घुबडाचा आवाज काढायचं काहीतरी, नुसत्या तोंडाने जमत असेल तर उत्तमच. बॉक्स कॉल (झाकण घासून वाजवायची लाकडी पेटी) वारा असेल तेव्हा लांब पोचतो, असला तर ठेवा. डायफ्रॅम जमायला महिना जातो, गाडीत एकटे असताना सराव करा, घरात केला तर घरचे बाहेर काढतील. तो यासाठी हवा की शेवटच्या मिनिटाला दोन्ही हात बंदुकीवर असतात.

याशिवाय बसायला जाड गादी. ही चैन नाहीये. दोन तास ढिम्म बसायचं असतं आणि खालचा दगड टोचायला लागला की माणूस हलतोच.

## २ : आधी ओळखा, तो येत का नाही

"हट्टी" या एका शब्दात चार वेगळे नर येतात आणि चौघांचा इलाज वेगळा आहे.

पहिला, माद्यांसोबतचा. झाडावर भरपूर ओरडतो, खाली उतरला की आवाज तुटक होतो आणि हळूहळू लांब जातो. सीझनच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक नर हेच असतात. दुसरा, अडलेला. उत्तर देत देत येतो आणि सत्तर-ऐंशी यार्डांवर थांबून तिथेच येरझारा घालतो. मध्ये ओढा असतो, तारेचं कुंपण असतं, दाट झुडूप असतं, किंवा काहीच नसतं, त्याला तिथून मादी दिसायला हवी होती आणि दिसली नाही. तिसरा, पोळलेला. सरकारी जमिनीवरचा, पार्किंगच्या जवळचा, रोज सकाळी पाच जण त्याला यल्प (मादीची नेहमीची साद) ऐकवतात. कॉल झाला की हा गप्प होतो. चौथा, दबलेला. मोठ्या नराचा मार खाल्लेला, ओरडतच नाही, पण चोरपावलांनी येतो आणि तुम्ही कंटाळून उठलात की वीस यार्डांवरून फडफडत पळतो.

हे ओळखायला सीझनच्या आधीचे दोन-तीन शनिवार-रविवार फिरा. कॉल न करता, फक्त बघायचं आणि ऐकायचं. आत्ता कॉल करून बघणं म्हणजे त्याला फुकटात धडा शिकवणं.

बघायचं काय? विष्ठा: नराची लांबट, इंग्रजी जे अक्षरासारखी टोकाला वळलेली, मादीची गोल वेटोळ्यासारखी. पिसं: छातीचं पीस टोकाला काळं असेल तर नर, बदामी असेल तर मादी. पाचोळा उकरलेला असेल तर तिथे चरतात. आणि सगळ्यात कामाची खूण, जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावर, धुळीत किंवा ओल्या मातीत, पावलांच्या दोन्ही बाजूंनी समांतर बारीक ओरखडे. तो पंख खाली सोडून फुलून चालतो तेव्हा पंखांची टोकं जमिनीला घासतात, त्याच्या त्या रेघा. ही त्याची नाचायची जागा. धारेवरचा सपाट तुकडा, रानातली छोटी मोकळी जागा, शेताचा कोपरा, असंच काहीतरी असतं. मोबाईलच्या नकाशावर खूण करून ठेवा, आठव्या पायरीला हीच लागणार आहे.

तपासा: नकाशावर तीन गोष्टी आल्या का? तो झोपतो ती झाडं, तो नाचतो ती जागा, आणि मधली वाट. तिसरी नसेल तर अजून एक सकाळ ऐकायला जा.

## ३ : आदल्या संध्याकाळी झोपायची जागा पक्की करा

टर्की रात्री झाडावर झोपतो. सूर्यास्ताच्या सुमाराला वर चढतो, तेव्हा पंखांचा धडधड आवाज होतो, मोठ्या फांदीवर स्थिर होईपर्यंत दोन-तीनदा ऐकू येतो. तुम्ही दोनशे-तीनशे यार्ड लांब, शेजारच्या धारेवर थांबायचं. अंधार पडता पडता एकदा घुबडाचा आवाज द्यायचा. दचकून ओरडला तर जागा कळली. नाही ओरडला तर सोडून द्या, पुन्हा पुन्हा हूट करत बसू नका.

मग ताबडतोब परत जायचं नाही. पूर्ण अंधार होऊ द्या, मग निघा, आणि निघताना उद्याची वाट ठरवत निघा. कुठे फांद्या आहेत, कुठे पाचोळा जास्त आहे, ओढा कुठे ओलांडायचा.

## ४ : पहाटेची बैठक

इथेच सगळा निकाल लागतो, म्हणून जरा सविस्तर.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मिझुरीत सूर्योदय सव्वासहा-साडेसहाच्या सुमाराला असतो. तुम्ही जागेवर पाचला बसलेले हवेत. चांदणं असेल, झाडांना अजून पालवी नसेल तर त्याला वरून खालचं सगळं दिसतं, तेव्हा टॉर्च जमिनीकडे धरून, जमलं तर शेवटचे दोनशे यार्ड बिनटॉर्चचे.

अंतर शंभर ते दीडशे यार्ड. लोक साठावर जाऊन बसतात आणि फांदी मोडली की सकाळ संपली.

उंची त्याच्या बरोबरीची किंवा वरची. उतार उतरून येणारा नर क्वचितच मिळतो, तो चढून किंवा धारेने सपाट चालत येतो.

मध्ये काही नको. ओढा, कुंपण, काटेरी झुडपाची पट्टी. टर्कीला उडता येतं हे खरं, पण मादीसाठी तो उडायची तसदी घेत नाही, पलीकडे उभा राहून ओरडतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. जिथे तो पहिल्यांदा दिसेल ती जागा तुमच्या हद्दीत हवी. नर आवाजाच्या दिशेने येतो आणि जिथून आवाजाची जागा दिसते तिथे थांबून बघतो. मादी दिसली नाही तर तिथूनच माघारी. तुम्ही मोकळ्या सपाटीच्या टोकाला बसला असाल तर तो शंभर यार्डांवरून सगळी सपाटी बघेल आणि थांबेल. त्याऐवजी धारेच्या कडेपासून पंचवीस-तीस यार्ड आत बसा, म्हणजे कडेवरून डोकं वर काढल्याशिवाय त्याला काही दिसणारच नाही, आणि डोकं वर आलं की तो तुमच्या टप्प्यात. रस्त्याचं वळण, जमिनीचा उंचवटा, पडलेलं मोठं झाड, कशाचाही असा आडोसा चालतो. अडलेला नर हा प्रकार निम्म्या वेळा इथेच सुटतो.

पाठीला झाड, तुमच्या खांद्यांहून रुंद. मागून कुणी बार टाकला तर तेच वाचवतं. उजव्या हाताने बंदूक चालवत असाल तर डावा खांदा तो येईल त्या दिशेला, गुडघा वर, बंदूक गुडघ्यावर. बसल्या जागी पाचोळा हाताने बाजूला करून खालची माती उघडी करा, म्हणजे पाय सरकला तरी आवाज नाही. समोरच्या दोन-तीन फांद्या छोट्या कात्रीने कापा, जास्त कापलंत तर लपणच उघडं पडतं.

डिकॉय (प्लास्टिकचा नकली टर्की) लावायचा का? शेताच्या कडेला बसला असाल तर लावा, मादी आणि एक लहान नर, पंधरा-वीस यार्डांवर. दाट रानात हट्टी नरासाठी मी लावत नाही. त्याला लांबूनच मादी दिसते, तो फुलतो आणि तिची वाट बघत उभा राहतो, आणि ती प्लास्टिकची बाई काही जात नाही.

सावधान: सरकारी जमिनीवर नराचा आवाज काढू नका, आणि टर्कीच्या पिसाऱ्याचा पंखा हातात धरून त्यामागे लपत पुढे सरकणं तर अजिबात नको. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा कॉल करू नका. मोठ्याने, माणसाच्या आवाजात "हे" म्हणा. एप्रिलमध्ये मोरेल अळंबी शोधणारे लोकही खाली मान घालून जंगलभर फिरत असतात, त्यांना तुमचा पत्ता नसतो.

## ५ : कॉल, जेवढा कमी तेवढा बरा

अति तिथे माती ही म्हण टर्की कॉलला तंतोतंत लागू आहे. तो झाडावर असताना तुम्ही उत्साहाने यल्प करत राहिलात तर त्याला मादी कुठे आहे ते कळलं, आता तो फांदीवरच बसून तिची वाट बघणार, आणि तोवर खऱ्या माद्या खालून येऊन त्याला घेऊन जातात.

क्रम असा ठेवा:

१. फटफटायला लागलं की अगदी हळू, झोपेतले तीन-चार यल्प. त्याने उत्तर दिलं की कॉल खाली ठेवा. खरंच खाली, मांडीवर नाही. हातात असला की वाजवला जातो.

२. तो खाली उतरल्याचा धप्प आवाज आला की पाच मिनिटं गप्प. मग दोन क्लक (एकेक तुटक आवाज) आणि पाचोळ्यात हाताने उकरल्याचा आवाज: खर्र, खर्र-खर्र, थांबा. चरणारी मादी अशीच उकरते, थोडं उकरते आणि थांबून बघते. पोळलेल्या नरावर हा आवाज कुठल्याही विकतच्या कॉलपेक्षा भारी, कारण बहुतेक लोक तो काढतच नाहीत.

३. त्याचा आवाज जवळ येतोय असं वाटलं की काहीही करू नका. तो येतोय. येणाऱ्याला बोलवायचं नसतं.

४. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही, तर पुन्हा उकरणं आणि एखादा घर्र असा हलका घशातला आवाज (याला पर म्हणतात). बस.

जोरजोरात कटिंग (भराभर तुटक क्लक), सलग वीस यल्प, हे सगळं उतावळ्या नरांसाठी आहे. आपला तो नाही.

तपासा: शेवटच्या दहा मिनिटांत तुम्ही किती वेळा कॉल केला? दोनाहून जास्त असेल तर कॉल खिशात.

## ६ : माद्यांसोबत निघून गेला तर

मागे धावू नका. मागून येणारी मादी ही त्याच्या दृष्टीने रोजची गोष्ट आहे, ती येईलच, तो कशाला थांबेल.

पहिला उपाय, नराला सोडा आणि म्होरक्या मादीशी बोला. कळपात एक दादागिरी करणारी असते. तुमच्या यल्पवर ती चिडून उत्तर देते. मग तिने जे म्हटलं तेच परत म्हणा, तेवढ्याच लांबीचं, किंचित जास्त जोरात, तिचं पुरं व्हायच्या आधी. भांडण लागलं तर ती तुम्हाला हुसकवायला येते आणि कळप तिच्या मागे, नर सगळ्यात शेवटी. इथे कॉल कमी हा नियम मोडायचा, एवढ्यापुरताच. पण दोन उत्तरांनंतर ती गप्प झाली आणि लांब जायला लागली तर थांबा, ती नराला तुमच्यापासून लांब नेते आहे.

दुसरा उपाय, वळसा. आवाज पूर्ण दूर जाऊ द्या, मग धारेच्या पलीकडच्या उतारावरून, त्यांच्या नजरेबाहेर, मोठा वळसा घालून त्यांच्या पुढे जा. दुसऱ्या पायरीत काढलेली वाट इथे कामाला येते. अडीचशे यार्ड पुढे, वाटेकडेला बसा आणि कॉल करूच नका, किंवा एकच क्लक. पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी असाल तर याआधी तिथला नियम पुन्हा वाचा. आणि आवाजाच्या दिशेने दबकत सरळ कधीच जाऊ नका, जो आवाज ऐकू येतोय तो दुसऱ्या माणसाचा कॉलही असू शकतो.

दोन सकाळी सलग त्याच वाटेने गेले असतील तर तिसऱ्या सकाळी झाडाजवळ बसूच नका, थेट वाटेवर बसा. फारच थोडे लोक हे करतात, झाडावरचा आवाज ऐकायची चटक सुटत नाही.

## ७ : सत्तर यार्डांवर अडला तर

आधी दहा मिनिटं पूर्ण शांत. नुसतं गप्प राहिल्यानेच बरेचसे नर शोधायला निघतात.

तरी अडलेला असेल तर त्याला असं वाटलं पाहिजे की मादी कंटाळून निघाली. दोघं असाल तर हे सोपं आहे, बंदूकवाला जागेवर, कॉलवाला मागे चाळीस-पन्नास यार्डांवर, आणि तो हळूहळू अजून मागे जात उकरतो, हलके यल्प देतो. नर मागच्या आवाजाकडे निघतो आणि वाटेत बंदूक असते. एकटे असाल तर तोंडासमोर हात धरून मान मागे वळवून हळू कॉल करा, आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. तो नजरेआड असेल, मध्ये धार असेल, तरच मागे सरका. दिसत असेल तर पापणीही नको.

याच वेळी कान उघडे ठेवा. तो ओरडणं थांबवतो तेव्हा लोक समजतात गेला. पण फुललेला नर एक वेगळा आवाज काढतो, आधी फच्च असं थुंकल्यासारखं, आणि मागोमाग घुंऽऽम, इतका खालचा की कानापेक्षा छातीत जाणवतो, लांबून ट्रक गिअर बदलतोय असं वाटतं. हा आवाज ऐकू आला तर तो जवळ आहे, बहुतेक वेळा पन्नास-साठ यार्डांच्या आत. बंदूक गुडघ्यावर, सेफ्टीवर अंगठा, आणि आता श्वासही सांभाळून.

## ८ : दहा ते एक, खरी वेळ

आठ वाजता गाडीकडे निघणारे सगळे हट्टी नर दुसऱ्यांसाठी सोडून जातात. मादी दिवसाआड किंवा रोज एक अंडं घालते आणि त्यासाठी सकाळी उशिरा घरट्याकडे जाते. दहाच्या सुमाराला नर एकटा पडतो. सीझनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर बऱ्याच माद्या अंड्यांवर बसतात, उबवणं २८ दिवसांचं, म्हणजे दिवसभर त्या घरट्यावरच. पहिल्या आठवड्यात ज्याने ढुंकून पाहिलं नाही तोच नर मे महिन्यात दोन क्लकवर येतो. म्हणून सुट्ट्या सगळ्या पहिल्याच आठवड्यात जाळू नका.

काय करायचं? नकाशावरची नाचायची जागा गाठा. कडेला, सावलीत, झाडाला टेकून बसा. वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा तीन-चार हलके यल्प आणि उकरणं. उत्तराची अपेक्षा ठेवू नका. या वेळचे नर बहुतेकदा न बोलता येतात, दबलेला नर तर हमखास, आणि तुम्ही पाणी पीत असताना उजव्या हाताला झुडपात पांढरट-निळं डोकं दिसतं.

अंग शोधू नका, डोकं शोधा. काळं अंग सावलीत मिसळतं, डोकं चमकतं.

पाऊस पडून गेल्यावर जंगल सोडा आणि शेत, कुरण बघा. ओल्या रानात पानांवरून थेंब गळत असतात, त्याला नीट ऐकू येत नाही, तो मोकळ्यावर येऊन पिसं वाळवतो. जोराचा वारा असेल तर आडोशाच्या उतारावर जा.

सावधान: उठायच्या आधी अजून अर्धा तास बसा. मग उठताना आधी फक्त डोळे, मग मान, मग अंग.

## ९ : बार

बंदूक हलवायची ती त्याचं डोकं झाडामागे गेलं की, किंवा तो पाठमोरा फुललेला असेल तेव्हा पिसारा त्याच्याच डोळ्यांआड येतो, तेव्हा. फुललेल्या नरावर बार टाकू नका, मान आत ओढलेली असते. एक क्लक द्या, डोकं वर काढतो, मान लांब होते. नेम मानेच्या तळाशी, जिथे पिसं संपून उघडी कातडी सुरू होते तिथे.

गाल दस्त्यावर घट्ट. पक्षी पडतो का ते बघायला माणूस गाल उचलतो आणि बार डोक्यावरून जातो, हुकण्याचं हे कारण नंबर एक.

तपासा, घोडा ओढायच्या आधी: लाल-पांढरं डोकं आणि छातीवरची दाढी दोन्ही स्पष्ट दिसली? मागे दुसरा पक्षी नाही? मागे माणूस, रस्ता, घर नाही? अंतर तुमच्या हद्दीत? एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर जाऊ द्या.

बार झाला की सेफ्टी लावून लगेच चालत जा, पळू नका, आणि पाय मानेवर ठेवा. पंख आपटत राहतात, पायावरचे काटे हात फाडू शकतात, तेव्हा पाय पकडायची घाई नको.

## १० : नंतरचं

जागेवरच परमिटवर खूण करा, मिझुरीत त्याच दिवशी रात्री १० च्या आत टेलिचेक (शिकारीची सरकारी नोंद) करायचं असतं. फोटो नंतर. बाहेर नेताना पक्षी भगव्या पिशवीत, उघडा खांद्यावर टाकून जंगलातून चालणं म्हणजे स्वतःच टार्गेट होणं.

मे महिन्याच्या उकाड्यात आतडी लवकर काढा आणि कूलरमध्ये बर्फावर ठेवा. छाती कापून काढली की लोक तंगड्या टाकून देतात, तसं करू नका (बऱ्याच ठिकाणी खाण्याजोगं मांस टाकणं बेकायदाही आहे). जंगली टर्कीच्या तंगडीत हाडासारख्या कडक शिरा असतात, भाजून किंवा तळून त्या मऊ होत नाहीत. कुकरला भरपूर शिट्ट्या काढा, मांस हाडापासून सुटलं की शिरा हाताने उपसून काढा आणि मग वाटण लावून रस्सा करा. छातीचे पातळ तुकडे मात्र झटपट, जास्त शिजले की लाकूड. आणि मानेजवळचं मांस बोटांनी चाचपून बघा, छर्रे आत राहतात, टंगस्टनचा असेल तर दाताचा तुकडाच पडतो.